घरी मिक्स केलेलं हेवी रॉक गाणं : 'भाऊ, एक नंबर!' या फीडबॅकचं करायचं काय?

समजा, भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं अड्याळ गाव. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातले सगळे झोपलेत आणि वरच्या खोलीत एक पोरगा कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलाय. गिटार त्यानेच वाजवली, ड्रम सॉफ्टवेअरमध्ये बसवले, गाणं मराठीत लिहिलं आणि आवाज मित्राचा घेतला. तीन आठवडे रोज रात्री मिक्सिंग चाललंय. शेवटी फाईल एक्स्पोर्ट होते आणि मित्रांच्या ग्रुपवर पडते.

पाच मिनिटांत उत्तरं येतात. "भाऊ, एक नंबर!" "आग लावली बे!" मग दोन-तीन आगीचे इमोजी. आणि एक जण लिहितो, "गाणं मस्त आहे, पण शब्द समजून नाही राहिले."

पोराला पहिली उत्तरं वाचून बरं वाटतं आणि शेवटचं वाचून राग येतो. पण या सगळ्यात कामाचं उत्तर ते शेवटचंच आहे.

आज मोबाईल आणि साध्या लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करता येतं. बँडलॅब फुकट आहे, रीपरसारखं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरचा आवाज हुबेहूब देणारं न्यूरल ॲम्प मॉडेलरही मोफत मिळतं. म्हणजे साधनं गावापर्यंत पोहोचली. जी गोष्ट स्टुडिओत आपोआप मिळते आणि घरी मिळत नाही, ती म्हणजे शेजारी बसलेला दुसरा माणूस, ज्याचे कान ताजे असतात. फीडबॅक मागायचा तो याच दुसऱ्या कानासाठी. तो कसा मागायचा आणि आल्यावर त्याचं काय करायचं, हेच समजून घेऊ.

मिक्सिंग म्हणजे नेमकं काय?

गाण्यात प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड होतं. हेवी रॉकमध्ये किक, स्नेअर, टॉम, झांजा, बेस गिटार, डाव्या कानात एक रिदम गिटार, उजव्या कानात दुसरी, वर लीड गिटार, मुख्य आवाज आणि त्याच्या मागचे आवाज असे वीस-तीस ट्रॅक सहज होतात. या सगळ्यांचा आवाज किती ठेवायचा, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कुणाचा कुठला भाग कापायचा, कुणाला दाबायचं, कुणाला घुमवायचं, हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग. सगळं एकत्र झाल्यावर त्या एका फाईलवर जो शेवटचा हात फिरतो, ते मास्टरिंग.

आता तुम्ही म्हणाल, हे तर प्रत्येक गाण्यात असतं. मग हेवी रॉक अवघड का?

कारण इथे सगळेच एका जागेसाठी भांडतात. भावगीतात तबला, हार्मोनियम आणि आवाज यांच्यामध्ये मोकळी जागा असते. हेवी रॉकमध्ये डिस्टॉर्शन लावलेली गिटार खालपासून वरपर्यंत भिंतीसारखी उभी राहते. डिस्टॉर्शनमुळे गिटारचे मूळ सूर तर ऐकू येतातच, पण त्यांचे वरचे उपसूरही जोरात येतात. माणसाच्या आवाजातली व्यंजनं ज्या भागात कळतात, साधारण २००० ते ५००० हर्ट्झ, तिथेच गिटारची धार असते. खाली किक आणि बेस गिटार एकमेकांच्या अंगावर येतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची ८२ हर्ट्झला. म्हणजे गिटारचा तळ बेसच्या अंगणात येऊन बसतो.

एक आवाज दुसऱ्याला झाकतो, याला मास्किंग म्हणतात. हेवी रॉकचं मिक्सिंग म्हणजे बहुतेक वेळा या झाकाझाकीचा निवाडा.

आपलेच कान आपल्याला का फसवतात?

इथे चार गोष्टी घडतात आणि चारही एकाच खोलीत, एकाच रात्री घडू शकतात.

पहिली, हळू आवाज. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी दाखवून दिलं की आवाज हळू असेल तर आपल्या कानांना खालचे सूर त्याहून कमी ऐकू येतात. घरातले झोपलेत म्हणून पोरगा स्पीकर हळू ठेवतो, त्याला बेस कमी वाटतो, तो बेस वाढवतो. सकाळी कुणीतरी तेच गाणं जोरात लावतं आणि घर हादरतं.

दुसरी, खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून घुमतात. भिंती १० फुटांवर असतील तर हा सूर साधारण ५६ हर्ट्झला येतो, १२ फुटांवर असतील तर ४७ हर्ट्झच्या आसपास. किक ड्रमचा धक्का साधारण याच पट्ट्यात असतो. गंमत अशी, की हा सूर भिंतीजवळ फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब होतो. मधोमध खुर्ची टाकून बसलात तर किक कमी वाटणार, तुम्ही ती वाढवणार आणि दुसऱ्याच्या घरी ती नुसती धपधप करणार. १० बाय १० च्या खोलीत, छतही १० फुटांवर असेल तर हा त्रास तिप्पट होतो, कारण तिन्ही बाजूंनी तोच सूर अडकतो.

हेडफोनने खोलीचा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. डावी गिटार फक्त डाव्या कानात आणि उजवी फक्त उजव्या कानात जाते, त्यामुळे मधली जागा मोकळी वाटते आणि आवाज स्पष्ट ऐकू येतो. मोबाईलच्या स्पीकरवर सगळं एका जागेतून आलं की तोच आवाज गिटारखाली गडप होतो.

तिसरी, सवय. तेच गाणं दोनशे वेळा ऐकल्यावर मेंदूला त्यातली खोट ऐकू येणं बंद होतं. शब्द तर तुम्हीच लिहिलेत. ते आवाजात नसले तरी तुमच्या डोक्यात ऐकू येतात. म्हणूनच "शब्द कळत नाहीत" हे गाणं लिहिणाऱ्याला कधीच स्वतःहून कळत नाही.

चौथी, थकवा. जोरात आणि बराच वेळ ऐकलं की कान तात्पुरते बधिर होतात, आणि अनेकदा वरचे सूर आधी मंदावतात. मग माणूस वरचे सूर आणखी वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की हा वेळ अर्धा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ५ तास उरतात. त्यामुळे मिक्स बिघडणं ही लहान गोष्ट, कान बिघडले तर ते परत येत नाहीत.

मेटालिकाचंही असंच झालं होतं

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या हेवी मेटल बँडपैकी एक असलेल्या मेटालिकाचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम ऑगस्ट १९८८ मध्ये आला. गाणी गाजली, पण एका गोष्टीवर आजही वाद होतो. अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही.

तर झालं असं. मेटालिकाचा बेसिस्ट क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. त्याचा मेटालिकासोबतचा हा पहिला पूर्ण अल्बम. मिक्सिंग स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो यांनी केलं. थॉम्पसन यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं की ड्रमर लार्स उलरिकने बेस खाली घ्यायला लावला आणि तो कसाबसा ऐकू येईल इतका खाली गेल्यावर आणखी खाली घ्यायला लावला. गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्डने नंतर वेगळी बाजू सांगितली. त्या काळात बँड एकीकडे मैफिली करत होता आणि मधल्या वेळेत मिक्सिंगला जात होता. कान थकलेले होते, वरचे सूर नीट ऐकू येत नव्हते, म्हणून ते वाढवले जात होते.

म्हणजे महागडा स्टुडिओ होता, अनुभवी इंजिनिअर होते, पण निर्णय थकलेल्या कानांनी आणि आतल्याच माणसांनी घेतले. बाहेरच्या माणसाने "बेस कुठे आहे?" हा प्रश्न विचारला तो अल्बम बाजारात आल्यावर. पुढे चाहत्यांनी स्वतःच बेस वाढवून या अल्बमच्या आवृत्त्या तयार केल्या आणि इंटरनेटवर टाकल्या.

२० वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमवर दुसरीच तक्रार आली. आवाज इतका दाबून मोठा केला होता की तो फाटत होता. त्याच गाण्यांची गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली आवृत्ती मात्र मोकळी वाटत होती. दोन्ही शेजारी ठेवून लोकांनी फरक ऐकला आणि अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारो चाहत्यांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग इंजिनिअर टेड जेन्सन यांचं म्हणणं पुढे आलं की त्यांच्याकडे फाईल आल्या तेव्हाच त्या दाबलेल्या होत्या.

दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी खोट बरोबर पकडली, पण तोवर अल्बम बाजारात गेला होता.

फीडबॅक मागण्याआधी घरचा अभ्यास

दुसऱ्याचे कान फुकट मिळत असले तरी ते एकदाच ताजे असतात. एखादा माणूस तुमचं गाणं पहिल्यांदा फक्त एकदाच ऐकतो. त्यामुळे जी चूक तुम्ही स्वतः शोधू शकता, त्यासाठी त्याचा पहिला कान खर्च करू नका.

१. एक रात्र जाऊ द्या. मिक्स संपवल्याच्या रात्री पाठवू नका. सकाळी, चहाच्या आधी, हळू आवाजात एकदा ऐका. पहिल्या ३० सेकंदांत जे खटकेल ते लिहून ठेवा.

२. आवडीच्या गाण्याशेजारी ठेवून ऐका. तुमच्यासारख्याच धाटणीचं, बाजारात आलेलं एक गाणं निवडा. पण दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. माणसाला जे जरा मोठं वाजतं ते जास्त चांगलं वाटतं, एक-दोन डेसिबलचा फरकही पुरतो. आवाज मोजायला युलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती मिळते. आणि मिक्स मोठं करण्याच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणी साधारण -१४ एलयूएफएसच्या पातळीवर आणतात, त्यामुळे त्याहून मोठी गाणी तिथे खाली ओढली जातात. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं राहत नाही, फक्त दाबलेलं राहतं.

३. मोनोमध्ये ऐका. डावं-उजवं एकत्र केल्यावर आवाज किंवा गिटार गायब होत असेल तर मोबाईलवरही तेच होणार.

४. मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. तो २००-३०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवू शकत नाही. तरीही चांगल्या मिक्समध्ये बेस गिटारची चाल तिथे कळते, कारण वरचे उपसूर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. कळत नसेल तर बेसचा फेडर वर ढकलून उपयोग नाही, बेसला थोडं डिस्टॉर्शन देऊन त्याचे वरचे उपसूर बाहेर काढावे लागतात.

आणि पाठवताना एक काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर गाणं स्पीकरवर वाजवून व्हॉइस नोट करून पाठवू नका. व्हॉइस नोट बोलण्यासाठी बनलेली आहे, झांजांची आणि बेसची ती वाट लावते. फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हची लिंक द्या. नाहीतर समोरचा तुमच्या मिक्सवर बोलतोय की व्हॉट्सॲपच्या दाबादाबीवर, हेच कळणार नाही.

कुणाला विचारायचं?

अड्याळसारख्या गावात हेवी रॉक मिक्स करणारा दुसरा माणूस शेजारी असण्याची शक्यता कमी. पण कान कमी नाहीत. तीन प्रकारचे कान लागतात आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारायचा असतो.

पहिला कान, त्याच संगीतातला माणूस. तो ऑनलाइनच भेटणार. किकची चटक, गिटारची धार, स्नेअर पुढे की मागे, हे त्यालाच सांगता येईल. त्याचा तोटा असा, की तो तुमचं गाणं त्याच्या आवडत्या बँडसारखं करायला बघतो.

दुसरा कान, आवाजाशी रोज काम करणारा, पण वेगळ्या संगीतातला माणूस. असे लोक झाडीपट्टीत भरपूर आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा हे त्याचं मोठं केंद्र. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत गाणी आणि संगीत समोर, प्रत्यक्ष वाजतं. मंडपात शेवटच्या माणसापर्यंत संवाद पोहोचवणं हे तिथल्या साउंडवाल्याचं रोजचं काम. हेवी मेटल त्याने कधी ऐकलं नसेल, पण वाद्यं आवाजावर चढतात तेव्हा काय खाली घ्यायचं हे त्याला हातानेच कळतं. भजन मंडळातला तबलजी किंवा पेटीवालाही ताल घसरला आणि सूर हलला तर लगेच सांगेल.

तिसरा कान, साधा ऐकणारा. आई, मामा, दुकानातला मित्र. त्याला मत विचारू नका, कारण तो तुमचं मन राखेल. त्याला काम द्या. गाणं लावा आणि विचारा, "मामा, यात काय म्हटलंय?" त्याने सांगितलेल्या ओळी आणि तुम्ही लिहिलेल्या ओळी यांतला फरक हाच तुमचा फीडबॅक. कोरस आल्यावर त्याची मान हलली का, मधल्या संगीतात त्याने मोबाईल हातात घेतला का, हे नुसतं बघा.

प्रश्न कसा विचारायचा?

"कसं वाटलं?" या प्रश्नाला "मस्त" हेच उत्तर येणार. प्रश्न जितका ढोबळ, तितकं उत्तर ढोबळ. त्याउलट असा निरोप पाठवून बघा :

"मराठी हेवी रॉक गाणं आहे, ४ मिनिटांचं. मिक्स क्रमांक ३, मास्टरिंग अजून नाही. हेडफोनवरच मिक्स केलंय. तीन गोष्टी सांग. एक, पहिल्या कडव्यात कुठला शब्द कळला नाही? दोन, ०:५५ ला कोरस येतो तिथे गाणं मोठं होतं की तेवढंच राहतं? तीन, बेस गिटार वेगळी ऐकू येते का? आणि कशावर ऐकलंस तेही सांग. चाल आणि शब्द आता बदलणार नाहीये."

यात चार गोष्टी साधतात. ऐकणाऱ्याला कुठे लक्ष द्यायचं ते कळतं, नेमकी वेळ मिळते, तो मोबाईलवर बोलतोय की गाडीतल्या स्पीकरवर हे कळतं आणि शेवटच्या वाक्यामुळे "चालच बदल" असल्या सल्ल्यांना आळा बसतो.

मात्र आपली शंका आधीच सांगून टाकू नका. "स्नेअर जरा मोठा झालाय का?" असं विचारलं की पुढच्या माणसाला स्नेअर मोठाच ऐकू येतो.

उत्तरं आली, आता वाचायची कशी?

इथे एक सोपा नियम आहे. डॉक्टरकडे गेल्यावर पेशंट म्हणतो, "पोटात दुखतंय, गोळी द्या." दुखतंय हे खरं असतं, पण गोळी कुठली ते डॉक्टर ठरवतो. फीडबॅकचंही तसंच. ऐकणाऱ्याची तक्रार खरी माना. त्याने सांगितलेला उपाय मात्र तपासून घ्या.

'आवाज वाढव' असं कुणी म्हटलं तर आवाजाचा फेडर लगेच वर नेऊ नका. तो वर गेला की गिटार बारीक वाटते, मग गिटार वाढते, मग ड्रम हरवतात आणि तासाभरात सगळंच वर जाऊन गाणं होतं तिथेच राहतं. आधी कडव्यात गिटार दोन डेसिबल खाली घेऊन बघा. किंवा २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात गिटारला थोडी जागा करायला लावा. शब्दांची शेवटची अक्षरं बुडत असतील तर फक्त तेवढ्या अक्षरांचा आवाज ऑटोमेशनने वाढवा.

'गिचमिड वाटतं', 'डब्यात वाजल्यासारखं वाटतं' असं आलं तर साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी असते. दोन्ही गिटार, बेस आणि आवाज सगळे तिथे जमलेले असतात. रेकॉर्ड करताना डिस्टॉर्शन गरजेपेक्षा जास्त ठेवलं असेल तर ही गर्दी वाढते. एकट्याने वाजवताना जाड वाटणारी गिटार चार ट्रॅकच्या गर्दीत चिखल होते.

'कानाला टोचतं' म्हणजे साधारण २५०० ते ५००० हर्ट्झ किंवा झांजा. गिटार वाजत नसलेल्या जागीही टोचत असेल तर दोष झांजांचा.

'दम नाही' ही सगळ्यात फसवी तक्रार. ती ऐकून लोक सगळं आणखी दाबतात आणि मोठं करतात. पण दम येतो तो फरकातून. स्नेअरचा फटका आजूबाजूच्या आवाजाच्या वर उठला तरच फटका वाटतो. शेवटचा लिमिटर काढून एकदा ऐका. दम परत आला तर चोर सापडला. कोरस लहान वाटत असेल तर कोरस वाढवण्याआधी कडवं थोडं खाली घेऊन बघा.

'बेस ऐकू येत नाही' असं फक्त मोबाईलवाले म्हणत असतील तर प्रश्न उपसुरांचा आहे. गाडीत ऐकणाराही तेच म्हणत असेल तर बेस खरंच कमी आहे.

सगळ्यांचं ऐकायचं का?

नाही. पाच जणांना विचारलंत तर सहा मतं येतील. तीन जणांनी एकमेकांशी न बोलता एकाच जागी बोट ठेवलं, तर ती जागा बिघडलेली आहे, मग त्यांचे उपाय वेगवेगळे असले तरी चालेल. एकालाच काही खटकलं तर लिहून ठेवा आणि पुढच्या ऐकणाऱ्याची वाट बघा. दोघांची मतं एकदम उलटी आली, एक म्हणतो गिटार जास्त, दुसरा म्हणतो कमी, तर बहुधा ती आवडीची गोष्ट आहे. तिथे निर्णय तुमचा.

म्हणूनच ग्रुपवर टाकण्यापेक्षा एकेकाला वेगळं पाठवलेलं बरं. ग्रुपवर पहिल्याने "आग!" लिहिलं की पुढचे नऊ जण आगच लिहितात.

बदल करताना प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्या आणि जुनी फाईल ठेवा. तीन-चार आवृत्त्यांनंतर नवी आवृत्ती जुनीपेक्षा खरंच बरी आहे का, हे आवाज सारखा करून, नाव न बघता ऐका. फरक सांगता आला नाही तर गाणं झालंय. थांबायची वेळ तीच.

आणि पाठवण्यासारखं स्वतःचं गाणं अजून नसेल, तर केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या मोफत संग्रहातून खऱ्या बँडच्या गाण्यांचे सुटे ट्रॅक उतरवून सराव करता येतो. 'मिक्सिंग सीक्रेट्स फॉर द स्मॉल स्टुडिओ' लिहिणारे माईक सीनियर हा संग्रह सांभाळतात. त्यात रॉक आणि मेटलही आहे.

घरच्या खोलीतून खरंच काही होतं का?

दिल्लीच्या केशव धरने घरच्या सेटअपवर हेवी संगीत तयार करून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती. तोच प्रकल्प पुढे स्कायहार्बर झाला. २०१२ मध्ये 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज' हा पहिला अल्बम ब्रिटनच्या बेसिक रेकॉर्ड्सने काढला. त्यात ब्रिटिश गायक डॅन टॉम्प्किन्स होता आणि मुंबईच्या भयानक मौत बँडचा गायक सुनीथ रेवणकरही होता. मुंबईत साहिल मखिजाने डेमनस्टीलर रेकॉर्ड्स हे लेबल स्वतः उभं केलं आणि त्याच्या डेमॉनिक रेझरेक्शन बँडला २०१० मध्ये लंडनच्या मेटल हॅमर गोल्डन गॉड्स सोहळ्यात ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. ही मोठ्या शहरांतली उदाहरणं आहेत, हे खरं. पण स्कायहार्बरची सुरुवात झाली ती एका खोलीत, आणि ते संगीत पुढे गेलं ते दूरच्या कानांपर्यंत पोहोचल्यामुळे. ती सोय आज अड्याळमध्येही आहे.

आता त्या वरच्या खोलीत परत जाऊ. "शब्द समजून नाही राहिले" असं लिहिणाऱ्या मित्राला त्या पोराने उलट उत्तर देऊ नये. दोनच प्रश्न विचारावेत : कुठले शब्द, आणि कशावर ऐकलंस? मित्र म्हणाला, पहिलं कडवं, मोबाईलवर, तर काम नेमकं झालं. मोनो लावायचं, कडव्यातली गिटार दोन डेसिबल खाली घ्यायची, बुडणारी अक्षरं वर उचलायची. जेमतेम अर्ध्या तासाचं काम.

आणि नवी आवृत्ती तपासायला पुन्हा त्याच मित्राला पाठवायची नाही. त्याला आता शब्द पाठ झालेत. ज्याने गाणं अजून ऐकलं नाही असा एखादा माणूस यासाठीच राखून ठेवायचा असतो.